डोंगरावरची माती, खाडीतला जलमार्ग

(चिपळूण येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'वाशिष्ठीतील गाळ' हा विषय दिला होता. मी त्यांच्या अनुमतीने तो थोडा वर, डोंगराकडे सरकविला आहे. गाळ ही मातीची शेवटची अवस्था असते. त्याआधी ती माती कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, कोणाच्या तरी प्लॉटमध्ये असते, रस्त्याच्या एखाद्या कापलेल्या कड्यात असते. तेथे ती असताना तिच्याविषयी कोणी व्याख्यान ठेवीत नाही. ती नदीत उतरली, की मात्र समित्या नेमल्या जातात, यंत्रे येतात, निधी मंजूर होतो. म्हणून आज मी गाळाविषयी कमी आणि तो होण्यापूर्वीच्या मातीविषयी अधिक बोलणार आहे.

२२ जुलै २०२१ ची रात्र आणि त्यानंतरचे दिवस आपल्याला मी सांगावेत असे काहीच नाही. पाणी कोठवर आले होते, याच्या खुणा आजही अनेकांच्या भिंतींवर आहेत. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये आपण साखळी उपोषण केले, शासनाला जागे केले आणि वाशिष्ठी व शिव या नद्यांतून लाखो घनमीटर गाळ काढला गेला. शासनाची यंत्रणा, 'नाम'सारखी संस्था आणि सामान्य नागरिक एका कामात उभे राहिल्याचे ते उदाहरण महाराष्ट्राने पाहिले. त्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ज्या घरात छप्पर गळत असते, तेथे जमिनीवरचे पाणी पुसणाऱ्याचे कौतुक करून झाल्यावर कोणीतरी शिडी लावून वर चढावेच लागते. काढलेला गाळ आला कोठून, आणि जेथून आला तेथून येणे थांबले आहे काय, हा प्रश्न आपण अजून पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

प्रथम या नदीचे मूळ रूप ध्यानात घेऊ. आज आपण वाशिष्ठीकडे पुराची नदी म्हणून पाहतो. शतकानुशतके ती वाहतुकीची नदी होती. दाभोळच्या मुखातून शिरलेली गलबते आणि पडाव भरतीच्या पाण्यावर गोवळकोटच्या बंदरापर्यंत येत. तेथून माल बैलांच्या पाठीवर चढे आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, देशावर जाई. दाभोळचे बंदर बहमनी काळात अरबस्तानपर्यंत ख्यात होते, ते केवळ मुखाशी खोल पाणी होते म्हणून नव्हे. त्या मुखाच्या मागे आतपर्यंत नेणारा जलमार्ग होता म्हणून. राजापूरची कथाही अशीच. सतराव्या शतकात इंग्रजांना तेथे वखार घालावीशी वाटली आणि १६६१ मध्ये शिवछत्रपतींना तिचा समाचार घ्यावासा वाटला, यावरून त्या खाडीवर चालणाऱ्या व्यापाराची कल्पना यावी. आज राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येते ते पुराचे. गलबताचा काळ कधीच सरला.

हा सारा इतिहास झाला असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०१६ मध्ये संसदेने राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम संमत केला आणि देशातील १११ जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जा दिला. त्यात आपल्या कोकणातील बाणकोट खाडी व सावित्री आहे, रेवदंड्याची कुंडलिका आहे, राजपुरीची खाडी आहे, जयगडची शास्त्री आहे; आणि दाभोळ खाडी व वाशिष्ठी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे. त्याची लांबी ४५ किलोमीटर असून तो दाभोळजवळच्या अरबी समुद्रापासून आपल्या पेढे येथील पुलापर्यंत येतो.

पेढे. हे नाव क्षणभर मनात असू द्या. पेढ्याच्या पुलावर उभे राहून मान वर केली की काय दिसते? परशुराम घाट. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी जो डोंगर कापला गेला, ज्याच्या कामासाठी २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घाट बंद ठेवावा लागला आणि ज्याच्या दरडींमुळे त्याच जुलैत वाहतूक थांबवावी लागली, तो घाट. म्हणजे केंद्राच्या एका अधिनियमाने जेथे जलमार्गाचे टोक ठरविले, बरोबर त्याच्या डोक्यावर केंद्राच्याच दुसऱ्या योजनेने डोंगर मोकळा केला. दोन्ही कामे राष्ट्रहिताची आहेत. रस्ता हवाच होता. गेली कित्येक वर्षे त्या रस्त्यावर माणसे मरत आहेत. पण या दोन कामांची फाइल एकमेकींना कधी भेटली असेल, असे मला वाटत नाही. आणि ज्या भगवान परशुरामांनी समुद्र मागे हटवून ही भूमी मिळविली अशी आपली श्रद्धा आहे, त्यांच्याच मंदिराच्या पायथ्याशी आपण ती भूमी दर पावसाळ्यात हप्त्याहप्त्याने समुद्राला परत करीत आहोत.

आता माती खाली येते कशी, हे थोडे समजून घेऊ. येथे शेतकरी बसले आहेत, त्यांनी मला क्षमा करावी. त्यांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळपास सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरउतारावर झाडे असली, गवत असले, निदान पालापाचोळा असला, तर थेंबाचा मार त्यांच्यावर बसतो आणि माती मुळांनी धरून ठेवलेली असते. यंत्राने उतार कापून सपाट केला की हे आवरण तासाभरात जाते. त्यातही आपल्या भूमीची एक विशेषता आहे. वर जांभ्याचा कठीण थर आणि त्याखाली मऊ, चिकणमातीसारखा थर. वरचे कवच असेपर्यंत खालचा थर सुरक्षित असतो. चिरेखाणीने वा रस्त्याने ते कवच फोडले, की तो उघडा पडलेला मऊ थर पाण्यात साखरेसारखा विरघळतो. पहिल्या पावसात आपल्या पऱ्ह्यांचे पाणी लालभडक होते, ते यामुळे.

हे लाल पाणी नदीत उतरले की जाडी वाळू आणि खडे प्रथम खाली बसतात. नदीचा उतार जेथे एकाएकी कमी होतो तेथे, म्हणजे नेमके शहराच्या आसपास. बारीक कण मात्र पुढे जातात आणि खाडीच्या खाऱ्या पाण्याला मिळतात. तेथे एक विलक्षण गोष्ट घडते. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांपासून दूर तरंगत असतात. क्षार मिळाला की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. म्हणून डोंगरावरची माती समुद्रात जाऊन नाहीशी होते, हा आपला समज खरा नाही. तिचा मोठा भाग खाडीतच राहतो. वरून भरतीचे पाणी समुद्राकडचा गाळही आत लोटते आणि उन्हाळ्यात ओहोटीला तो बाहेर नेण्याएवढा जोर नसतो. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी वर्षभर मिळते, हे तिचे भाग्य. इतर नद्यांना तेही नाही. ज्या पात्रातून मचवा जात होता, त्यात पुढे होडी अडते, मग मासेमाराची जाळी चिखलात रुततात आणि अखेर पावसाळ्यात ज्या पाण्याला पात्रात जागा उरत नाही ते पाणी बाजारपेठेत शिरते. जलमार्ग बंद होणे आणि पूर येणे ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत.

मातीची धूप काही आजची नाही, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. वरकस जमिनीत नाचणी-वरी होत होती, तेव्हाही माती वाहत होती. परंतु तेव्हाच्या शेतकऱ्याजवळ कुदळ होती. तो एका मोसमात जेवढी जमीन उकरी, तेवढी जेसीबी सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत उकरतो. शिवाय त्या शेतकऱ्याने दगडी गडगे घातले, बांध घातले, जमीन काही वर्षे पडीक ठेवून तिला विश्रांती दिली, कारण ती माती त्याच्याच मुलांच्या पोटाशी बांधलेली होती. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड झाली, तीही प्रारंभी खड्डे खणून झाली. आज आंबा-काजूसाठी संपूर्ण उतार यंत्राने पायऱ्यापायऱ्यांचा करून घेतला जातो. सड्यावर प्लॉट पाडले जातात. एक ठेकेदार मला म्हणाले, "साहेब, गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला सपाट जमीन दिसली पाहिजे, चढावाची जमीन बघून त्याला घर दिसत नाही." मुंबई-पुण्याचा जो ग्राहक येतो तो तुमच्या-माझ्यासारखाच मध्यमवर्गीय आहे, हे आपण विसरू नये. आपल्यापैकी कितीजणांनी गावाकडे 'सेकंड होम' घेतले आहे, हे मी विचारत नाही.

मग कायदा काय करतो? आपल्याकडे कायदा नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. कायदे भरपूर आहेत. अडचण अशी की त्यांतील बहुतेकांना माती दिसते ती विकण्याची वस्तू म्हणून.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ घ्या. तिच्या ४८व्या कलमानुसार अवैधपणे गौण खनिज काढणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड कडक आहे. पण गौण खनिज म्हणजे काय? केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने भराव वा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली. बंधारे, रस्ते, लोहमार्ग, इमारती यांच्या बांधकामातली. या शब्दांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात ३ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की नुसते खोदकाम झाले एवढ्यावरून स्वामित्वधन लागत नाही. ती माती कोणत्या कामासाठी वापरली हे पाहावे लागेल. महसुलाच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध आहे. पण आपल्या प्रश्नाकडे पाहा. माती विकली काय, वापरली काय, किती ब्रास वापरली, हे विचारणारा कायदा आहे. माती मोकळी करून ठेवली आणि पावसाने नेली, तर तिचा हिशेब कोणाच्या वहीत आहे?

एक साधे गणित करू. दहा गुंठ्यांचा प्लॉट मेमध्ये सपाट केला आणि तसाच उघडा ठेवला. पावसाळ्यात त्यावरून सरासरी केवळ तीन इंच माती गेली, तरी ती सुमारे सत्तावीस ब्रास होते. तीन ब्रासचा डंपर धरला तर नऊ डंपर. हेच नऊ डंपर कोणी रात्री नदीच्या पुलावरून खाली रिते केले असते, तर गुन्हा नोंदविला गेला असता, वृत्तपत्रांत छायाचित्र आले असते. पावसाने रिते केले तर पंचनामासुद्धा होत नाही. आणि मालक हातात पावती घेऊन म्हणतो, "मी रॉयल्टी भरली आहे." खरेच भरलेली असते. पण ती पावती म्हणजे डोंगर कापण्याची परवानगी आहे, हा समज गावोगाव इतका रुजला आहे की काही ठिकाणी महसुली कर्मचारीही तसेच बोलतात.

याच्या जोडीला नियोजनाचा कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 'विकास' या शब्दात जमिनीवरील अभियांत्रिकी स्वरूपाचे कामही येते. केवळ इमारत नव्हे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात १:५ वा त्याहून तीव्र उतारावर कापणी, सपाटीकरण, भराव यांना स्पष्ट मनाई आहे. १:५ म्हणजे पाच फूट आडवे गेल्यावर एक फूट चढ. आपल्या तालुक्यात किती डोंगर या मोजमापाच्या आत बसतात, ते आपणच सांगा. नियम छापलेला आहे. उतार मोजायला माणूस नाही. तलाठ्याकडे आठ-दहा गावे, तहसीलदाराकडे निवडणुकीपासून पंचनाम्यापर्यंत सारी कामे, आणि जेसीबी शनिवारी रात्री येऊन सोमवारी सकाळी गेलेला.

सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नियम खाडीलाही लागू आहे, कारण भरती जेथवर पोहोचते तेथवर त्याची व्याप्ती. पण २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचा पट्टा शंभर मीटरवरून पन्नास मीटर, किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जे कमी असेल त्यावर आणला. पन्नास मीटरच्या पलीकडचा डोंगर हा त्याचा विषयच नाही.

आणि आता जलमार्गाचा स्वतःचा कायदा. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण अधिनियम, १९८५. त्याच्या चौदाव्या कलमात प्राधिकरणाच्या अधिकारांची जी यादी आहे, तीत राष्ट्रीय जलमार्गाच्या तळात आणि त्याला लागून असलेल्या भूमीवर केरकचरा टाकणे, पदार्थ टाकणे किंवा काढणे यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे. नौकानयनावर आणि जलमार्गाच्या निगेवर त्याचा परिणाम होत असेल तेवढ्यापुरता. हा अधिकार मोलाचा आहे. वाशिष्ठी आता राष्ट्रीय जलमार्ग आहे, तेव्हा हे कलम तिला लागू आहे. पेढ्यापासून दाभोळपर्यंत काठावर कोणी भराव घातला, दरडीचा मलबा नदीच्या बाजूला लोटला, तर नागरिकांना तक्रार घेऊन जाण्यास आणखी एक दार उपलब्ध झाले आहे. हे दार आजवर किती जणांनी ठोठावले? मात्र 'लागून असलेली भूमी' या शब्दांची मर्यादाही ओळखली पाहिजे. कुंभार्लीच्या पायथ्याशी कापलेला उतार जलमार्गाला लागून नाही. त्याची माती मात्र जलमार्गातच येते.

पर्यावरण कायद्याचे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. पुढे २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने रस्ते, जलवाहिन्या यांसारख्या रेषीय प्रकल्पांसाठी साधी माती काढण्यास त्या मंजुरीतून सूट दिली. जनतेच्या हरकती मागविण्याची पायरी वगळली. ती सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी रद्द केली. मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने काही मर्यादा आणि कार्यपद्धतीची अट घालून ती पुन्हा आणली. केंद्रातले शासन आपल्या विचारांचे आहे, म्हणून या प्रवासाविषयी मौन पाळावे असे मला वाटत नाही. शासन आपले असेल तर त्याच्या कानात चार शब्द अधिक स्पष्टपणे सांगण्याचा अधिकारही आपलाच असतो. तीच गोष्ट महाराष्ट्राच्या नदी नियमन क्षेत्र धोरणाची. २००० मध्ये आलेले ते धोरण फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. त्यात उद्योगांच्या अंतराचे नियम होते, मातीचे नव्हते. उद्योजकांच्या तक्रारींतही तथ्य असेल. पण नदी ही उगमापासून मुखापर्यंत एक आहे, असे मानणारा जो एक कागद राज्याकडे होता तो गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही.

हा विचार आपल्याला परका आहे, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. त्याच ग्रंथात नगराच्या व्यवस्थेत रस्त्यावर माती टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश आणि चिखल-पाण्याने मार्ग अडविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. रक्कम किरकोळ आहे, पण दृष्टी पाहा: मार्गावर माती आली, हाच अपराध, ती विकली की नाही, हा प्रश्न नाही. आपण जलमार्गाला मार्ग मानतो का, एवढेच ठरवायचे आहे.

शेजारच्या गोव्याकडे थोडे पाहू, कारण तेथे जलमार्ग आणि माती यांची गाठ सर्वांत ठळकपणे पडली. मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा यांवरून लोहखनिजाच्या बार्ज वर्षानुवर्षे चालल्या. २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली होती. एक टन खनिजामागे दोन ते तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डोंगर खाणींच्या कडेला उभे राहिले आणि पावसाबरोबर ओहोळांतून, शेतांतून, खाजणांतून नद्यांत उतरले. ज्या नदीवर खनिजाची वाहतूक अवलंबून होती, तीच नदी त्या खनिजाच्या मातीने भरत होती. त्याच गोव्याने १९७४ च्या आपल्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७-अ घातले आहे. डोंगर कापणे आणि सखल जमीन भरणे, या दोन्ही गोष्टी परवानगीवाचून करता येणार नाहीत, असे ते एका वाक्यात सांगते. अंमलबजावणीविषयी गोवेकरांच्याच असंख्य तक्रारी आहेत. परंतु तेथल्या नागरिकाला निदान एका कलमाचा आकडा तोंडपाठ असतो आणि तो फोन करून सांगतो, "सतरा-अ चा भंग चालला आहे." आपल्या नागरिकाला चार कायद्यांच्या चार कचेऱ्या हिंडाव्या लागतात.

दूरचे एक उदाहरण केवळ मोजमापासाठी सांगतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचे सरोवरांचे आणि नद्यांचे राज्य आहे. तेथे नौकागम्य जलमार्गाच्या काठावर दहा हजार चौरस फुटांपेक्षा अधिक जमीन सपाट करायची असेल, तर नैसर्गिक संसाधन विभागाची परवानगी घ्यावी लागते. दहा हजार चौरस फूट म्हणजे आपले जेमतेम सव्वानऊ गुंठे! काठ म्हणजे किती अंतर, याचीही नियमांत व्याख्या आहे. शेतीच्या वापराला सूट आहे. काठापासून दूर असले तरी एक एकर वा अधिक जमीन बांधकामासाठी उघडी करणाऱ्यास त्या देशात धूप रोखण्याचा आराखडा द्यावा लागतो. तेथे वर्षभर जेवढा पाऊस पडतो त्याच्या कित्येक पट आपल्याकडे चार महिन्यांत पडतो. आपण त्यांचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. पण त्यांनी आकडा ठरविला आहे, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. आकडा असला की तलाठ्याला टेप लावता येते.

मग आपण काय मागावे? पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, नंतर कस्तुरीरंगन समितीचा आला, आणि कोणते गाव संवेदनशील आणि कोणते नाही, या वादात एक तपाहून अधिक काळ गेला. त्या वादात माझे मत काहीही असो. उघडी माती झाकण्यासाठी त्याचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिनांकाची आहे. कोकणात मातीला हात लावण्याचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असला पाहिजे. पंधरा मेनंतर कोणताही उतार उघडा राहता कामा नये; काम अपुरे असेल तर त्यावर गवत, पेंढा, पालापाचोळा घालून तो झाकला पाहिजे आणि खालच्या कडेला माती अडविणारा चर व खड्डा असला पाहिजे. हे करायला परदेशी तंत्र लागत नाही. गडगा घालणारे हात अजून गावात आहेत. वाळा लावला तर त्याची मुळे खोल जातात आणि माती धरतात, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. दुसरे असे, की परवानगी आणि रॉयल्टी यांची फारकत झाली पाहिजे. नऊ-दहा गुंठ्यांवरील कोणतेही सपाटीकरण, माती बाहेर जावो वा न जावो, आधी कळविले गेले पाहिजे. कळविताना नकाशावर पऱ्ह्या कोठे, उतार किती आणि माती कोठे ठेवणार एवढे लिहिले पाहिजे. शेतीसाठी परंपरेने होणाऱ्या मशागतीला यातून पूर्ण वगळावे. नाहीतर मोठ्या प्लॉटवाल्याऐवजी पहिली नोटीस एखाद्या नाचणीवाल्याला जाईल. आपल्या शासनयंत्रणेची ही खोड जुनी आहे.

आणि रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारास निविदेतच बंधन हवे, की दरीच्या बाजूला मलबा लोटल्यास त्याचे देयक अडेल. ठेकेदाराला न्यायालयापेक्षा देयकाचे भय अधिक असते.

नदीतून काढलेल्या गाळाविषयीही एक शब्द. तो काठावरच ढिगाने राहिला तर पुढच्या पावसात तो आपल्याच पायाशी परत येतो. सखल शेतात भराव म्हणून गेला तर पुराच्या पाण्याची जागा कमी होते. निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा चिपळुणात मोठा असंतोष झाला. तो मी समजू शकतो. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे एका रेषेने अडचणीत येतात तेव्हा कोणाचाही जीव कासावीस होईल. परंतु निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे, आणि पात्र जेवढे भरेल तेवढ्या या रेषा आपल्या दारात पुढे सरकतील. रेषा मागे ढकलायची असेल तर निवेदनाने ती हलणार नाही. डोंगरावरची माती डोंगरावर राहिली तर कदाचित हलेल. प्रत्येकाने आपला प्लॉट तीन फूट उंच करून घेतला, तर पाणी शेजाऱ्याकडे जाते, त्याने केला तर पुढच्याकडे. शेवटचा जो उरतो, त्याच्याजवळ भरावासाठी पैसे नसतात.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी काही. आपल्या राज्यात १ मे रोजी ग्रामसभा होते. पावसाला पाच-सहा आठवडे असतात; योग याहून चांगला नाही. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या आणि वरच्या खोऱ्यातल्या प्रत्येक गावात आपल्या चार तरुणांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गावाच्या शिवारात फिरावे आणि कोठे कोठे माती उघडी आहे त्याची यादी करावी. छायाचित्र, गट क्रमांक, अंदाजे गुंठे, जवळचा पऱ्ह्या. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणाला चोर ठरवू नये. मालकाला विचारावे, "काका, पंधरा तारखेच्या आत झाकता का? पेंढा आम्ही आणून देतो." बहुतेक मंडळी हो म्हणतील. जी म्हणणार नाहीत, त्यांची नोंद इतिवृत्तात करून ते प्रांताधिकाऱ्यांकडे पाठवावे. आणि गाव पेढ्याच्या खाली, खाडीकाठी असेल तर एक प्रत जलमार्ग प्राधिकरणाकडेही पाठवावी. जेसीबी आणि पोकलेनचे मालक आपल्याच गावांतले, पुष्कळदा आपल्याच शाखेत वाढलेले आहेत. मार्चमध्येच त्यांची एक बैठक घ्यावी. उतारावरचे काम पंधरा एप्रिलनंतर हाती घ्यायचे नाही, एवढे जरी त्यांनी आपसांत ठरविले तरी त्या वर्षी शासनाच्या कोणत्याही अधिसूचनेने होणार नाही एवढे काम होईल. त्यांच्या बुडणाऱ्या धंद्याचे काय, हा प्रश्न ते नक्की विचारतील, आणि तो योग्य आहे. ऑक्टोबरपासून चर खणण्याची, बंधारे दुरुस्त करण्याची आणि गाळ काढण्याची कामे प्रथम स्थानिक यंत्रांना मिळावीत, ही मागणी त्याच बैठकीत त्यांच्या वतीने लिहून घ्यावी आणि आमदारांच्या हाती द्यावी.